पंचावन्न इंच कुणासाठी?

वाचकाचं पत्र

आम्ही बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि आमचा 32 इंची टीव्ही गेला. मेकॅनिक म्हणाला, बोर्ड आणि पॅनेल दोन्ही गेलंय, दुरुस्तीत पैसे घालू नका. तेव्हापासून घरात रोज वाद. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. तो म्हणतो, 55 इंची 4के ऑनलाइन मागवतो, भिंतीवर लावू. मिस्टर म्हणतात, बेळगावातल्या ओळखीच्या दुकानातून घेऊ, उद्या काही झालं तर धरायला माणूस पाहिजे. थोरले दीर कोल्हापूरला असतात. त्यांचं म्हणणं, महाराष्ट्रात टॅक्स कमी, इकडूनच घेऊन जा. मुलीला त्यात सगळी ॲप पाहिजेत. सोपा, म्हणजे आमची बसाउठायची पुढची खोली, दहा बाय चौदाचा आहे. घर जुनं, कौलारू, भिंती मातीच्या, एकच बाजू नवीन चिऱ्याची बांधली आहे. बजेट 35 हजार, ओढूनताणून 40. क्यूएलईडी, ओएलईडी, हर्ट्झ, एचडीआर यातलं मला काही कळत नाही. दिवसभर टीव्ही सासूबाईच बघतात, संध्याकाळच्या मालिका त्यांना चुकलेल्या चालत नाहीत, ऐकू मात्र जरा कमी येतं. दिवाळीच्या सेलपर्यंत थांबावं का? काय घेऊ आणि कुठून घेऊ?

एक गृहिणी, खानापूर तालुका

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात मुलाचं मत आहे, मिस्टरांचं आहे, दिरांचं आहे, मुलीचंही आहे. दिवसभर टीव्हीसमोर ज्या बसतात त्या सासूबाईंना काय पाहिजे, हे मात्र कुणी विचारलेलं दिसत नाही. सासूबाई पत्राच्या शेवटाला आल्यात, तेही ‘ऐकू जरा कमी येतं’ एवढ्यापुरत्या. मला विचाराल तर तुमचा प्रश्न तिथूनच सुटायला लागतो. चिरंजीव गणपतीला चार दिवस आणि दिवाळीला चार दिवस येणार. त्याला आवडेल असा टीव्ही आणायचा आणि वर्षभर सासूबाईंनी ‘आवाज वाढवा गं’ म्हणत बसायचं, यात काही अर्थ नाही.

आधी आकाराचं बघू, कारण पैसा तिथे जातो. 55 इंची 4के टीव्हीवर आडवे 3840 आणि उभे 2160 ठिपके असतात. त्या टीव्हीला चित्रही तसंच बारीक मिळालं तर आठ-नऊ फुटांवरून ते फार छान दिसतं, मुलाचं तेवढं बरोबर आहे. पण सासूबाईंची मालिका येते केबलच्या नाहीतर डिशच्या सेट-टॉप बॉक्समधून. साध्या, म्हणजे एसडी वाहिनीच्या चित्रात वरपासून खालपर्यंत ओळी असतात फक्त 576. ते चित्र टीव्ही ताणून पडदाभर पसरवतो. पडदा जेवढा मोठा तेवढं ते फिसकटतं, चेहरे मऊ पडतात आणि खाली सरकणारी अक्षरं पिसारल्यासारखी दिसतात. असं चित्र बघायला साधारण पडद्याच्या उंचीच्या पाचपट लांब बसावं लागतं. 55 इंची पडद्याची उंची सत्तावीस इंच भरते, त्याच्या पाचपट म्हणजे सव्वाअकरा फूट. 43 इंचीची एकवीस इंच, त्याच्या पाचपट म्हणजे पावणेनऊ फूट. सोप्यात भिंतीला पाठ लावून बसल्यावर तुमच्यात आणि टीव्हीत किती अंतर राहतं ते टेपने मोजा. चौदा फुटांची बाजू धरली तरी टेबल, खुर्च्या आणि येण्याजाण्याची वाट सोडून नऊ-दहा फुटांच्या वर जाणार नाही.

म्हणून 43 इंची घ्या. खोक्यावर आणि मागच्या लेबलवर आकार सेंटिमीटरमध्ये असतो, 43 इंच म्हणजे 108 किंवा 109 सेंटिमीटर. हे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं, रुंदीचं नव्हे. रुंदी तीन फुटांच्या थोडी वर जाते. बत्तीस इंचांवरून त्रेचाळीसवर आलात की पडदा क्षेत्रफळाने पावणेदोनपट होतो, घरात कुणाला लहान वाटणार नाही. एवढ्या आकारात फुल एचडी आणि 4के दोन्ही मिळतात. किमतीत फार फरक नसेल तर 4के घ्या, उद्या मुलीला ॲपवर काही बघायचं असेल तर उपयोगी पडेल. नसला तरी बिघडत नाही.

टीव्ही बदलण्याआधी, किंवा बदलताना, एक काम मात्र नक्की करा. सेट-टॉप बॉक्स कोणता आहे आणि तो टीव्हीला कशाने जोडलाय ते बघा. लाल, पांढरी, पिवळी अशी तीन टोकांची वायर असेल तर बॉक्स एचडी असूनसुद्धा चित्र जुनंच येतं. चपट्या टोकाची एचडीएमआय वायर लावली की त्याच बॉक्सचं चित्र उजळतं. बॉक्स एसडी असेल तर एचडी करून घ्या. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या आहेत. सासूबाईंच्या दोन-तीन ठरलेल्या वाहिन्या तेवढ्या एचडीत घेतल्या तर महिन्याचा खर्च थोडाच वाढतो, आणि साध्या वाहिनीवरून 55 इंचात जे मिळालं असतं त्यापेक्षा चांगलं चित्र 43 इंचात मिळतं. आपल्या भागात आणखी एक अडचण होते. पत्ता कर्नाटकचा दिला की डिशवाला पहिला पॅक कन्नडचा पुढे करतो, आणि त्यात मराठी वाहिन्या दोन-चारच निघतात. तोच पॅक घ्यायची सक्ती नाही. 2019 पासून ट्राय या सरकारी नियामक संस्थेच्या नियमाने हवी ती वाहिनी सुटी मागता येते, मराठी पॅकही मागता येतो. कन्नड बातम्यांची एखादी वाहिनी मात्र ठेवा. जुलैत पाऊस धो धो लागला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली, की ते तिथेच आधी कळतं.

आता आवाज. माझ्या लेखी तुमच्या खरेदीत पडद्याइतकंच, कदाचित त्याहून जास्त महत्त्व आवाजाला आहे. पूर्वीचे डबा टीव्ही खोल असायचे, स्पीकर समोर तोंड करून बसवलेले. आताचा टीव्ही पाटीसारखा सपाट, त्यात स्पीकरला जागाच नाही, म्हणून ते खाली नाहीतर मागे तोंड करून बसवतात. आवाज आधी टेबलावर आपटतो, मग आपल्याकडे येतो. संगीत मोठं ऐकू येतं, संवाद कळत नाहीत. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांची पंचाईत नेमकी इथेच होते. वाढत्या वयात कानाला आधी बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होतात, आणि स, श, त, फ अशी व्यंजनं त्यातच असतात. नुसता आवाज वाढवून ते भरून येत नाही. सासूबाई ‘आवाज वाढवा’ म्हणतात तेव्हा त्यांना ‘शब्द कळू देत’ असं म्हणायचं असतं.

तर 35 हजारांतले पाच-सहा हजार साउंडबारला बाजूला काढून ठेवा, आणि टीव्ही उरलेल्यात बसवा. साउंडबार म्हणजे टीव्हीपुढे ठेवायची लांबट पट्टी, स्पीकरचं तोंड ऐकणाऱ्याकडे. दुकानदार सोबत मोठा वूफर असलेला सेट दाखवेल, सिनेमातला धमाका लावून ऐकवेल, छाती दणाणेल. तो घेऊ नका. त्या दणक्यात संवाद आणखी बुडतात. ‘डायलॉग’, ‘व्हॉइस’ किंवा ‘न्यूज’ अशा नावाचं बटण असलेला साधा बार बघा आणि बातम्या लावून ऐका. टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय खाचेवर ‘एआरसी’ लिहिलेलं असतं तिथे तो जोडला की आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो, वेगळा रिमोट हाताळावा लागत नाही. कानाचा त्रास जास्त असेल तर आधी बेळगावला कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. पुष्कळदा नुसता मळ निघतो, आणि तुमचे पाच हजार वाचतात.

रिमोटचंही असंच. स्मार्ट टीव्हीच्या रिमोटवर आता बहुधा आकडे नसतात, चार-सहा ॲपची बटणं असतात. सासूबाईंचा हात चुकून एखाद्या ॲपवर पडला की मालिका गायब, आणि मग तुम्ही स्वयंपाकघरातून पळत या. टीव्ही जोडायला माणूस येईल त्याला सांगा की चालू केल्याबरोबर थेट सेट-टॉप बॉक्स दिसला पाहिजे, ॲपचं पान नको. बऱ्याच टीव्हींच्या सेटिंगमध्ये ही सोय असते. ती या मॉडेलमध्ये आहे का, हे दुकानातच विचारून करून दाखवायला लावा. तसं झालं की सासूबाई सेट-टॉप बॉक्सच्या आकड्यांच्या रिमोटवर दिवस काढू शकतात. टीव्हीचा रिमोट वर फळीवर ठेवला तरी चालेल.

तुमचा टीव्ही विजेने गेला, त्यामुळे इथे जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे विजेचे तीन वेगवेगळे त्रास आहेत आणि लोक तिन्हींवर एकच औषध मागतात, स्टॅबिलायझर.

पहिला त्रास कमी व्होल्टेजचा. संध्याकाळी दिवे पिवळे पडतात तो. आताच्या बहुतेक टीव्हींच्या मागे 100-240 व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे दीडशे व्होल्टवरही तो विनातक्रार चालतो. तसं छापलेलं असेल तर त्यासाठी स्टॅबिलायझर लागत नाही.

दुसरा त्रास खरा धोक्याचा. वाऱ्यापावसात फांदी पडून लाइनची न्यूट्रल तार तुटली की घरात 230 च्या जागी अगदी चारशेपर्यंत व्होल्ट येऊ शकतात. गल्लीत एकदम चार घरचे बल्ब, पंखे, फ्रिज जळतात ते असं. यासाठी हाय-लो कट-ऑफ असलेला व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो. व्होल्टेज वाढलं की तो लाइन तोडतो, आणि लाइट परत आल्यावर थोडं थांबून मग जोडतो. एका टीव्हीपुरता हजार-दोन हजारांत येतो. दुकानात ‘स्पाइक गार्ड’ म्हणून जी लाल दिव्याची एक्स्टेन्शन पट्टी मिळते, तिच्यात पुष्कळदा दिव्याशिवाय काहीच नसतं. घेताना ‘किती व्होल्टला तोडतो’ हे विचारा. विकणाऱ्याला उत्तर देता आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

तिसरी आभाळातली वीज. तिच्यावर एकच भरवशाचा उपाय, पिन काढणे. बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून बाहेर काढायची. आणि तेवढ्यावर थांबायचं नाही. छपरावरच्या डिशची वायर बॉक्समध्ये येते, बॉक्सची वायर टीव्हीत जाते, वीज त्या वाटेनेही आत येते. पुष्कळांनी पिन काढलेली असते आणि तरी टीव्ही जातो तो यामुळे. आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, डिशची वायरही बॉक्समधून काढा, नेटची वायर टीव्हीला लावलेली असेल तर तीही. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस माहीत असलेल्या माणसाला हे सांगायला नको. खरं, वळवाच्या वेळी मात्र आपण गाफील असतो. सकाळपासून ऊन, चार वाजता आभाळ भरून येतं आणि मालिकेच्या आधीच दणका.

आणि अर्थिंग. जुन्या कौलारू घरांत बोर्डाच्या तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसते. विजेचा झटका जमिनीत घालवणारे गार्ड अर्थिंगशिवाय पुरतं काम करत नाहीत. टीव्ही आणायच्या आधी वायरमनला बोलवून एवढं तपासून घ्या. वीज पडून बिघडलेला टीव्ही कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत, त्यामुळे हा खर्च टाळू नका.

बिलाची धास्ती नको. 43 इंची एलईडी साधारण ऐंशी ते शंभर वॅट घेतो. रोज सहा तास चालला तर महिन्याला पंधरा ते अठरा युनिट. 55 इंचीला सात-आठ युनिट जास्त लागतील. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत तुमचं बिल शून्य येत असेल तर मागच्या बिलावरचे युनिट एकदा बघून घ्या, कारण महिन्यात 200 च्या वर गेलं की सगळंच बिल भरावं लागतं. आधीच काठावर असाल तर तेवढे सात-आठ युनिटही नडतात.

भिंतीबद्दल तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मातीच्या भिंतीवर टीव्ही टांगू नका, कुणी कितीही लांब खिळा दाखवला तरी. प्लग मातीत धरत नाही. आज घट्ट वाटतं, पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि एका रात्री टीव्ही ब्रॅकेटसकट खाली येतो. चिऱ्याच्या भिंतीवर चालेल, तिथेही भोक सांध्यातल्या चुन्या-सिमेंटात न पाडता चिऱ्यात पाडायला सांगा. ती भिंत पावसाच्या झडीची असेल आणि आतून ओल येत असेल तर तिथेही नको. माझं मत विचाराल तर टेबलच बरं. टांगणारी माणसं सवयीने टीव्ही छातीच्या वर लावतात, आणि सासूबाई खाली चटईवर बसत असतील तर त्यांची नजर जमिनीपासून अडीच फुटांवर असते. दोन तास मान वर करून मालिका बघितली की रात्री मान धरलीच. दीड-दोन फूट उंचीचं टेबल त्यांच्यासाठी बरोबर. टीव्हीचे पाय दोन टोकांना असतात, तेव्हा टेबलाची लांबी पायांतल्या अंतराहून जास्त आहे ना, ते आधी मोजा. भिंत आणि टीव्ही यांत वीतभर जागा ठेवा आणि मागची जाळी अधूनमधून कोरड्या ब्रशने झाडा. जुन्या घरात पाली असतातच, आणि टीव्हीच्या उबेला त्या आत शिरतात. बोर्डावर पाल चिकटून शॉर्ट झालेला टीव्ही कुठल्याही मेकॅनिकला विचारा, त्याने पाहिलेला असतो.

कुठून घ्यायचा? दिरांचं म्हणणं एके काळी खरं होतं. विक्रीकर आणि नंतर व्हॅट राज्याराज्याचा वेगळा होता, तेव्हा सीमेच्या अलीकडे-पलीकडे भावात फरक पडायचा आणि लोक वस्तू आणायला जायचेसुद्धा. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि टीव्हीवरचा कर देशभर एक झाला. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, कुठेही तोच. 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर आधी 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून सगळ्याच टीव्हींवर 18 टक्के आहे. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही म्हणून सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की त्याचा भाव बदलतो. टीव्हीचं तसं नाही. कोल्हापूरच्या दुकानात पाचशे-हजार कमी पडले तर ते त्या दुकानदाराने सोडलेले असतात, सरकारने नव्हे. तेवढ्यासाठी सव्वाशे-दीडशे किलोमीटर टीव्ही गाडीत घालून आणू नका. आणायची वेळ आलीच तर खोकं उभंच ठेवायचं, आडवं केलं की पॅनेलवर दाब येऊन तडा जाऊ शकतो, आणि तडा वॉरंटीत बसत नाही.

राहिलं ऑनलाइन आणि बेळगाव. ऑनलाइन भाव बघा जरूर, तो कागदावर लिहून दुकानात न्या आणि घासाघीस करा. पण तुमच्या घरासाठी मी मिस्टरांच्या बाजूने आहे. फक्त ‘ओळखीचा’ आहे म्हणून दुकान निवडू नका. त्याला तीन गोष्टी विचारा. या कंपनीचं सर्व्हिस सेंटर बेळगावातच आहे की माणूस हुबळीहून येतो? आमच्या गावाचा पिनकोड त्यांच्या यादीत आहे का? आणि वॉरंटी संपल्यावर या मॉडेलचं पॅनेल केवढ्याला पडतं? तिसऱ्या प्रश्नावर तो हसेल, कारण पॅनेल बहुतेक टीव्हीच्याच भावात पडतं. म्हणून पॅनेलवर दोन-तीन वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी असेल तर हजारभर जास्त गेले तरी चालतील. दुकानदार वर पैसे घेऊन जादा वॉरंटी देईल, ती कंपनीची स्वतःची असेल तरच विचार करा. बिल पक्कं, जीएसटीचं, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहिलेला. पुढे भांडण झालंच तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, वस्तू पुण्यातून घेतलेली असो नाहीतर ऑनलाइन.

बाजारात तुम्हाला 20 हजारांत 55 इंची, कधी न ऐकलेल्या नावाचा टीव्हीही दाखवतील. मागे बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, नोंदणी चिन्ह आणि त्याखाली ‘आर’ने सुरू होणारा नंबर आहे का बघा. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो नंबर घातला की खरा-खोटा कळतो. खोक्यावर ‘4के सपोर्ट’ लिहिलेलं असेल तर सावध व्हा, त्याचा अर्थ बऱ्याचदा टीव्ही 4के चित्र घेतो पण दाखवतो कमीच ठिपक्यांत. तुम्हाला ‘3840 बाय 2160’ हा आकडा पाहिजे.

तुम्ही विचारलेल्या बाकीच्या नावांचं थोडक्यात सांगतो. एलईडी आणि क्यूएलईडी दोन्हींत मागून उजेड पाडलेला असतो, क्यूएलईडीत रंग जरा भरदार येतात. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा रंग खरा काळा दिसतो, आणि तो तुमच्या बजेटच्या कितीतरी बाहेर आहे. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. त्याचं वेड गेम खेळणाऱ्यांना असू दे, मालिकेला साठ पुरतात. एचडीआर, म्हणजे चित्रातला उजेड-अंधाराचा फरक जास्त ठळक दाखवायची सोय, या किमतीत नावापुरताच असतो, कारण त्याला लागतो तेवढा उजेड या टीव्हींत नसतो. ॲपसाठी गुगल टीव्ही किंवा एलजी, सॅमसंग यांची स्वतःची प्रणाली असलेला घ्या, रॅम दोन जीबी असेल तर बरी. पुढे तो मंद झाला तर एचडीएमआयमध्ये लावायची छोटी स्टिक दोन-चार हजारांत मिळते, तेवढ्यासाठी टीव्ही बदलावा लागत नाही.

दुकानात गेलात की तिथली पोपट-फळांची चकचकीत फिल्म बंद करायला सांगा. ती टीव्ही विकायलाच केलेली असते. सेट-टॉप बॉक्सवर एसडी मराठी वाहिनी लावायला सांगा, चित्र ‘व्हिव्हिड’वरून ‘स्टँडर्ड’वर आणायला लावा, आणि नऊ फूट मागे जाऊन उभ्या राहा. मग बाजूला सरकून बघा. काही पॅनेल बाजूने पांढरट दिसतात, आणि सोप्यात सगळे समोर बसत नाहीत. जमलं तर सासूबाईंना सोबत न्या. त्यांना दगदग होत असेल तर नको, पण नेल्यात तर दुकानदाराशी बोलायचं काम त्यांनाच करू द्या. घरी आल्यावर चित्राच्या सेटिंगमध्ये ‘मोशन’ अशा नावाचं काही असेल तर बंद करा, नाहीतर मालिकेतली माणसं विचित्र सरसर हलतात. खोकं मात्र कंपनीचा माणूस येईपर्यंत फोडू नका, आणि फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा.

दिवाळीपर्यंत थांबू नका. दोन-तीन हजार वाचतीलही, पण तोपर्यंतचा अख्खा पावसाळा एका म्हाताऱ्या माणसाने बंद सोप्यात टीव्हीविना काढायचा, एवढे ते दोन-तीन हजार मोठे नाहीत. हप्त्यावर घेणार असाल तर आधी रोखीचा भाव विचारा आणि मगच हप्त्याचा. ‘शून्य टक्के व्याज’ असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी असतंच, कधी प्रोसेसिंग फीमध्ये, कधी रोख घेणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीत. फरक शे-पाचशेचा असेल तर हप्ता खुशाल घ्या.

मुलाने ऑनलाइन ऑर्डर टाकली असेल तर माल निघायच्या आधी रद्द करायला सांगा. त्याला वाईट वाटू नये म्हणून साउंडबार निवडायचं आणि त्याचे पैसे द्यायचं काम त्याच्याकडे द्या. ऑर्डर करण्याआधी त्याने तुम्हाला फोन करून ‘डायलॉगचं बटण आहे का’ एवढं सांगायचं, आणि एआरसीची वायर सोबत येते का तेही.